गुन्हाशास्त्र व विधी यांचे संयुक्त अध्ययन

गुन्ह्याची कारणे, गुन्हेगाराची घडण, गुन्ह्याची झळ पोहोचलेल्या व्यक्तीची स्थिती, शिक्षेचे परिणाम आणि गुन्ह्यास समाज व शासन यांच्याकडून मिळणारा प्रतिसाद यांचा अनुभवाधिष्ठित अभ्यास म्हणजे गुन्हाशास्त्र. कोणते वर्तन गुन्हा ठरते, तो कोणत्या पद्धतीने शाबीत करावयाचा व त्याबद्दल कोणती शिक्षा देता येते, यासंबंधीचे नियम सांगणारी विधीची शाखा म्हणजे दंडविधी. पहिले शास्त्र वस्तुस्थितीचा शोध घेते. दुसरे नियम घालून देते. हे दोन विषय विद्यापीठात एकाच विद्यार्थ्याने एकत्र शिकावेत काय, आणि शिकावयाचे झाल्यास कोणत्या विद्याशाखेच्या छत्राखाली, हा प्रश्न गेल्या सुमारे दीडशे वर्षांत निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या प्रकारे सोडविला आहे. या दोहोंची ताटातूट झाली असता तिचे परिणाम शेवटी आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसास भोगावे लागतात, असे या इतिहासावरून दिसते.

साध्या चोरीचे उदाहरण घेतल्यास दोन्ही विषयांतील भेद स्पष्ट होईल. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) ३७८ व्या कलमात दिलेली आणि भारतीय न्याय संहितेच्या (२०२३) ३०३ व्या कलमात बहुतांशी तशीच राहिलेली चोरीची व्याख्या जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा कब्जा, संमतीचा अभाव, अप्रामाणिक उद्देश व मालमत्ता हलविणे या घटकांवर उभी आहे. यांपैकी एक घटक जरी शाबीत झाला नाही, तरी आरोपी चोरीच्या आरोपातून सुटतो. विधीच्या विद्यार्थ्याचे काम येथे संपते. गुन्हाशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम मात्र येथून सुरू होते : अशा किती चोऱ्या पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, कोणत्या वयाच्या व परिस्थितीच्या व्यक्ती त्यांत अधिक सापडतात, सापडलेल्यांपैकी कोण तुरुंगात जातो व कोण समज मिळून सुटतो, आणि तुरुंगातून बाहेर पडलेला मनुष्य पुन्हा चोरी का करतो, हे त्याचे प्रश्न असतात.

तथापि गुन्हाशास्त्राजवळ गुन्ह्याची स्वतःची अशी व्याख्या नाही; ती त्यास विधीकडून उसनी घ्यावी लागते. व्यभिचारासंबंधीचे दंड संहितेचे ४९७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्दबातल ठरविले. त्याच वर्षी ३७७ व्या कलमातून प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध वगळले गेले. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचे ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या न्याय संहितेत राहिले नाही. आदल्या दिवशी जे गुन्हेगार होते, ते दुसऱ्या दिवशी गुन्हेगार राहिले नाहीत. त्यांच्या शरीरात वा मनात यामुळे काहीच बदल झाला नव्हता. गुन्हेगारीचे मूळ केवळ व्यक्तीच्या घडणीत शोधू पाहणाऱ्या प्रत्येक उपपत्तीस या साध्या गोष्टीचे उत्तर द्यावे लागते, आणि ते देणे विधीच्या ज्ञानावाचून कठीण आहे.

मराठीत या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. आपण ‘गुन्हा घडला’, ‘गुन्हा दाखल झाला’ व ‘गुन्हा शाबीत झाला’ या तिन्ही ठिकाणी एकच शब्द योजतो, आणि पोलिसांनी नाव लिहून घेताच मनुष्यास ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळे होतो. विधीच्या दृष्टीने या तीन पूर्णतः वेगळ्या अवस्था आहेत आणि गुन्हाशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्यामधील गळती हाच मुख्य अभ्यासविषय आहे. संयुक्त अध्ययनाचा पहिला लाभ कोणता, असे विचारल्यास या तीन अवस्था वेगळ्या ठेवण्याची सवय, असेच म्हणावे लागेल.

ऐतिहासिक विकास : दंडविधीचा चिकित्सक विचार चेझारे बेक्कारीआ (१७३८–९४) या इटालियन विचारवंताच्या १७६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुन्हे व शिक्षा यांवरील ग्रंथापासून सुरू झाला, असे सामान्यतः मानतात. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिच्या निश्चितीमुळे गुन्ह्यास आळा बसतो, हे त्याचे प्रतिपादन होते. पुढील काळातील संशोधनाने त्याचे हे मत बव्हंशी उचलून धरले आहे. विधिमंडळांनी मात्र ते क्वचितच मनावर घेतले. एखाद्या घटनेने लोकमत प्रक्षुब्ध झाले, की शिक्षेची मर्यादा वाढविण्याचा मार्ग आजही प्रथम सुचतो.

बेक्कारीआ विधीचा पदवीधर होता. त्याच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आलेला चेझारे लोंब्रोसो (१८३५–१९०९) हा वैद्य होता. त्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुन्हेगार मनुष्य जन्मतःच तसा असतो व त्याची शरीरचिन्हे ओळखता येतात, असा सिद्धांत मांडला. तो पुढे टिकला नाही. परंतु गुन्ह्याऐवजी गुन्हेगाराकडे पाहण्याची दृष्टी त्यातून आली. त्याचे दोन प्रमुख सहकारी विधिज्ञ होते, हे लक्षणीय आहे. एन्रीको फेरी (१८५६–१९२९) हा दंडविधीचा प्राध्यापक व वकील, तर राफ्फाएले गारोफालो (१८५१–१९३४) हा न्यायाधीश होता. ‘क्रिमिनॉलॉजिया’ या नावाचा ग्रंथ गारोफालोने १८८५ मध्ये लिहिला. गुन्ह्याची व्याख्या विधीवर अवलंबून असण्याची अडचण त्याच्या ध्यानात आली होती. म्हणून करुणा व सचोटी या मूलभूत भावनांचा भंग करणारा तो ‘नैसर्गिक गुन्हा’, अशी स्वतंत्र कल्पना त्याने पुढे केली. ती फारशी यशस्वी झाली नाही.

दोन्ही विषयांची एकत्र बांधणी करण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न जर्मनीत झाला. फ्रांट्‌स फोन लिस्ट (१८५१–१९१९) याने १८८१ मध्ये ‘संपूर्ण दंडविधिविज्ञान’ या कल्पनेला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि पुढील वर्षी मारबुर्ग विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात शिक्षेचा हेतू हा दंडविधीचा केंद्रबिंदू असावा, असे प्रतिपादिले. दंडविधीचा अर्थ लावणे, गुन्ह्यांची कारणे शोधणे व दंडनीती ठरविणे ही तिन्ही कामे एकाच विद्याशाखेने करावीत, असा त्याचा आग्रह होता. त्याचबरोबर दंडनीतीने ओलांडू नये अशी मर्यादा दंडविधी आखून देतो, असेही त्याने बजाविले. या दुसऱ्या विधानाचे महत्त्व पुढे फार कटू रीतीने पटले. लिस्टने गुन्हेगारांचे जे वर्गीकरण केले होते, त्यात सुधारणा न होऊ शकणाऱ्यांचा एक वर्ग होता व त्यांस समाजापासून दूर ठेवावे, असे तो म्हणे. नाझी राजवटीत नोव्हेंबर १९३३ मध्ये धोकादायक सराईत गुन्हेगारांविरुद्ध अधिनियम झाला, आनुवंशिक गुन्हेगारीचे तथाकथित विज्ञान विद्यापीठांतून शिकविले गेले आणि ते राज्यकर्त्यांच्या हातातील शस्त्र बनले. विधीची मर्यादा सुटलेले गुन्हाशास्त्र कोठवर जाते, याचे हे उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरही जर्मनीत गुन्हाशास्त्र विधिशाखेतच शिकविले जाते. विधीचा विद्यार्थी विशेष अभ्यासाचा गट म्हणून ते निवडू शकतो.

ऑस्ट्रियातील हान्स ग्रोस (१८४७–१९१५) हा अनेक वर्षे तपासी दंडाधिकारी होता. गुन्ह्याचा तपास, घटनास्थळाची पाहणी व भौतिक पुरावा यांवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८९३ मध्ये निघाला व १९१२ मध्ये त्याने ग्रात्स विद्यापीठात या विषयाची संस्था उभी केली. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मद्रास येथील सरकारी अभियोक्ते जॉन ॲडम व जे. कॉलियर ॲडम यांनी केला आणि तो १९०६ मध्ये मद्रासमध्येच छापला गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. अंगुलिमुद्रांचे पहिले कार्यालयही कलकत्त्यास १८९७ मध्ये स्थापन झाले होते. तपासाची साधने भारतात लवकर आली. गुन्ह्याच्या कारणांचा विचार मात्र फार उशिरा आला.

अमेरिकेत सुरुवात विधिज्ञांनी केली. जॉन हेन्री विग्मोर या पुरावाविधीच्या पंडिताच्या पुढाकाराने १९०९ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दंडविधी व गुन्हाशास्त्र यांची राष्ट्रीय परिषद भरली आणि पुढील वर्षी दोन्ही विषयांचे संयुक्त नियतकालिक निघाले. परंतु लवकरच हा विषय समाजशास्त्राच्या विभागांकडे गेला. एडविन सदरलँड (१८८३–१९५०) याचे १९२४ चे पाठ्यपुस्तक या वळणाचे द्योतक होय. याच सदरलँडने पुढे प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांची, म्हणजे ‘पांढरपेशा गुन्हेगारी’ची कल्पना १९३९ मध्ये मांडली आणि १९४९ च्या ग्रंथात ७० मोठ्या कंपन्यांविरुद्धचे न्यायालयीन व प्रशासकीय निर्णय तपासले. त्यावर पॉल टॅपन याने १९४७ मध्येच आक्षेप घेतला होता. ज्यास न्यायालयाने दोषी ठरविलेले नाही, त्यास गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार समाजशास्त्रज्ञास कोणी दिला, असा त्याचा प्रश्न होता. टॅपन विधी व समाजशास्त्र या दोहोंत शिक्षित होता. हा वाद आजही वर्गात शिकविण्याजोगा आहे, कारण त्यात दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत : कंपनीवरील कारवाई दिवाणी वा प्रशासकीय मार्गाने झाली, तर ती गुन्ह्यांच्या आकडेवारीत येत नाही व गुन्हेगार म्हणजे दरिद्री मनुष्य असे चित्र तयार होते, उलट शाबितीची अट सोडून दिली, तर कोणासही गुन्हेगार म्हणता येईल.

इंग्लंडमध्ये हे अध्ययन मुख्यतः परागंदा विद्वानांनी रुजविले. बर्लिनमध्ये न्यायाधीश व प्राध्यापक असलेले हर्मान मानहाइम (१८८९–१९७४) लंडनमध्ये, बॉनचे माक्स ग्रुनहूट (१८९३–१९६४) ऑक्सफर्डमध्ये आणि पोलंडमध्ये जन्मलेले, रोममध्ये फेरीपाशी शिकलेले लीअन रॅडझिनोविच (१९०६–९९) केंब्रिजमध्ये स्थिरावले. तिघेही मूळचे विधिज्ञ. केंब्रिजची गुन्हाशास्त्र संस्था १९५९ मध्ये विधिशाखेच्या अंतर्गत निघाली. पुढील काळात तेथील अनेक विद्यापीठांनी विधी व गुन्हाशास्त्र यांची संयुक्त पदवी सुरू केली. या पदवीत करार, अपकृत्य, मालमत्ता, न्यास व घटनाविधी हे पायाचे विषय घ्यावेच लागतात. उरलेल्या जागेत गुन्हाशास्त्र बसवावे लागते. परिणामी विद्यार्थ्यास संशोधनपद्धती व संख्याशास्त्र यांसाठी वेळ अपुरा पडतो. संयुक्त पदव्यांचा हा दोष सर्वत्र आढळतो.

भारतातील पूर्वपीठिका : भारतात विधीचे शिक्षण जुने आहे, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. परंतु तेथे शिकविला जाणारा दंडविधी म्हणजे संहितेची कलमे व न्यायनिर्णय एवढाच होता. या काळात गुन्ह्याविषयी शासनाच्या मनात कोणती गृहीतके होती, हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमावरून कळते. काही जमाती पिढीजात गुन्हेगार असतात, असे मानून त्यांची नोंदणी, हजेरी व हालचालींवर बंधने या अधिनियमाने घातली. लोंब्रोसोचा ग्रंथ त्यानंतर पाच वर्षांनी निघाला, म्हणजे येथे विज्ञानाची साक्षही काढली गेली नव्हती. व्यवसाय पिढीजात, म्हणून गुन्हाही पिढीजात, एवढाच तर्क होता. या वेळी गव्हर्नर-जनरलच्या मंडळात विधिसदस्य असलेले जेम्स फिट्‌सजेम्स स्टीव्हन हेच १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कर्ते होत. त्या अधिनियमानुसार आरोपीचे वाईट चारित्र्य हे सामान्यतः असंबद्ध ठरते. एका माणसाचे वाईट चारित्र्य न्यायालयापुढे आणता येत नव्हते. एका संपूर्ण जमातीचे मात्र न्यायालयावाचून कायम ठरविता येत होते. हा विरोध त्या काळच्या विधिपंडितांना फारसा खटकलेला दिसत नाही.

मुंबई इलाख्यात १९११ व १९२४ च्या अधिनियमांनुसार सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती होत्या व त्यांतील लोक गिरण्यांत कामास जात. अनंतशयनम् अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर हा अधिनियम ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तथापि त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या अधिनियमांनी घेतली. मुंबई राज्याचा असा अधिनियम १९५९ चा आहे. महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी, बेरड, रामोशी इ. समाजांतील माणसास चोरीच्या तपासात प्रथम बोलावले जाते, अशी तक्रार या समाजांच्या संघटना अजूनही करतात. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलींतील जातींवर आधारलेली कामाची वाटणी व विमुक्त जमातींविषयीचे उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविले. विधीच्या वर्गात १८७१ चा अधिनियम बहुधा शिकविलाच जात नाही, कारण तो रद्द झाला आहे. गुन्हाशास्त्राच्या वर्गात तो पहिल्या आठवड्यात शिकवावा लागतो, कारण तो रद्द होऊनही त्याचे गृहीतक टिकून आहे.

गुन्हाशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत समाजकार्याच्या अंगाने सुरू झाले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव धारण करणाऱ्या संस्थेत गुन्हाशास्त्र व सुधारप्रशासन हा विषय रुजला. अमेरिकन गुन्हाशास्त्रज्ञ वॉल्टर रेक्लेस हे संयुक्त राष्ट्रांचे तज्ञ म्हणून १९५०–६० च्या दशकाच्या प्रारंभी भारतात आले व त्यांनी कारागृह प्रशासनावर अहवाल दिला. विद्यापीठातील स्वतंत्र विभाग १९५९ मध्ये सागर येथे निघाला व त्यात गुन्हाशास्त्राबरोबर न्यायसहायक विज्ञानही आले. सागर विद्यापीठाचे संस्थापक हरिसिंग गौर (१८७०–१९४९) हे दीर्घकाळ नागपुरात वकिली करीत होते, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते आणि भारतीय दंड संहितेवरील त्यांचे विस्तृत भाष्य वकिलांच्या नित्य वापरात होते. असे असूनही त्या विभागाचा संबंध विधीपेक्षा विज्ञानशाखेशी अधिक जुळला. मद्रास विद्यापीठात व धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही गुन्हाशास्त्र विकसित झाले. भारतीय गुन्हाशास्त्र संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. दिल्लीची राष्ट्रीय गुन्हाशास्त्र व न्यायसहायक विज्ञान संस्था प्रामुख्याने सेवेतील पोलीस, अभियोक्ते व न्यायाधीश यांच्या प्रशिक्षणासाठी होती; २०२० मध्ये ती गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात समाविष्ट झाली. सारांश, आपल्याकडे गुन्हाशास्त्र समाजकार्य, मानसशास्त्र व विज्ञान यांच्या आश्रयाने वाढले आणि विधी महाविद्यालये त्यापासून दूर राहिली.

शिक्षानिश्चिती व गुन्हाशास्त्र : या दुराव्याची किंमत कोठे मोजावी लागते, हे शिक्षा ठरविण्याच्या टप्प्यावर सर्वांत स्पष्ट दिसते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २३५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने एक नवी गोष्ट आणली : आरोपी दोषी ठरल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर त्याचे म्हणणे न्यायालयाने स्वतंत्रपणे ऐकले पाहिजे. १९७६ च्या सांता सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सुनावणी म्हणजे उपचार नव्हे, आरोपीचे पूर्वायुष्य, शिक्षण, कौटुंबिक परिस्थिती, मनःस्थिती व सुधारणेची शक्यता यांविषयी सामग्री पुढे यावयास हवी, असे स्पष्ट केले. १९८० च्या बचन सिंग निर्णयात मृत्युदंड हा अपवाद ठरला व सुधारणेची शक्यता नाही हे दाखविण्याचा भार शासनावर आला.

प्रत्यक्षात मात्र अनेक खटल्यांत ही सुनावणी निकालाच्याच दिवशी, काही मिनिटांत आटोपत असे. आरोपी तरुण आहे, गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, एवढी वाक्ये बचावाचा वकील उच्चारी आणि गुन्हा अमानुष आहे असे सरकारी वकील सांगे. यात त्या वकिलांचा सर्वस्वी दोष नाही. माणसाच्या पूर्वायुष्याची चौकशी कशी करावी, कोणती कागदपत्रे मिळवावीत, मानसशास्त्रज्ञाचा अहवाल कसा वाचावा व उलटतपासणीत त्याची परीक्षा कशी घ्यावी, हे त्यांना कोणत्याही वर्गात शिकविले गेले नव्हते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मृत्युदंडविषयक अहवालासाठी ३७३ कैद्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांपैकी बहुसंख्य आर्थिक दृष्ट्या दुर्बल होते. विधी विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी तुरुंगात जाऊन केलेले हे काम संयुक्त अध्ययनाचा चांगला नमुना म्हणावा लागेल. मे २०२२ मध्ये मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंडाच्या प्रकरणांत परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, कारागृहातील वर्तनाचा अहवाल व मनोवैज्ञानिक मूल्यमापन मागविणे आवश्यक ठरविले. गुन्हाशास्त्र अशा रीतीने न्यायालयाच्या कामकाजात आले. ते हाताळू शकणारे वकील पुरेशा संख्येने येण्यास अजून अवधी आहे.

मृत्युदंडाहून सौम्य प्रकरणांतही हीच उणीव भासते. १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार एकवीस वर्षांखालील दोषी व्यक्तीस तुरुंगात पाठविण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमान्वये सोळा ते अठरा वर्षे वयाच्या बालकावर भयंकर गुन्ह्याचा आरोप असल्यास त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन होते व त्यावरून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालावा की नाही हे ठरते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ञाचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. घटनेच्या वेळची क्षमता अनेक महिन्यांनंतर कशी मोजावयाची, या प्रश्नाचे उत्तर विधी देऊ शकत नाही. आणि मोजमाप अनिश्चित असेल तर त्याचा लाभ कोणास द्यावयाचा, याचे उत्तर मानसशास्त्र देऊ शकत नाही.

शिक्षेच्या परिणामांचा अभ्यास, म्हणजे दंडशास्त्र, यासाठी महाराष्ट्रात एक जुने उदाहरण उपलब्ध आहे. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ तत्कालीन औंध संस्थानात १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही भिंतीविना असलेली कैद्यांची वसाहत निघाली. मॉरिस फ्रीडमन यांचा तिच्या स्थापनेत मोठा वाटा होता. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामुळे ही कल्पना लोकांपर्यंत पोहोचली. विधीच्या अभ्यासक्रमापर्यंत ती क्वचितच पोहोचली.

आकडेवारी व पुरावा : गुन्ह्यांचे आकडे वाचणे हे एक कौशल्य आहे आणि त्यासाठी दोन्ही विषय लागतात. भारतातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभाग तो प्रसिद्ध करतो. यात मोजला जातो तो नोंदलेला गुन्हा, घडलेला नव्हे. शिवाय एकाच खबरीत अनेक गुन्हे असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो.  २०१३ च्या ललिता कुमारी निर्णयाने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतर एखाद्या जिल्ह्यात आकडे वाढले, तर गुन्हेगारी वाढली की नोंदणी सुधारली, हे केवळ तक्त्यावरून सांगता येत नाही. तक्ता न वाचता येणारा विधिज्ञ आणि खबर कशी नोंदली जाते हे ठाऊक नसलेला गुन्हाशास्त्रज्ञ, दोघेही येथे सारखेच फसतात.

पुराव्याच्या बाबतीत विज्ञानाविषयीची भाबडी श्रद्धा हा वेगळा धोका आहे. पुणे येथील एका खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने २००८ मध्ये मेंदूतील विद्युत्‌तरंगांच्या चाचणीचा आधार घेऊन दोषनिर्णय दिला व त्याची जगभर चर्चा झाली. २०१० च्या सेल्वी निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने नार्कोचाचणी, असत्यशोधक यंत्र व अशा तरंगचाचण्या व्यक्तीच्या संमतीविना करता येणार नाहीत, असे ठरविले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (२०२३) १७६ व्या कलमानुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरत असून त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत मिळाली आहे. यामुळे वैज्ञानिक पुराव्याचे प्रमाण वाढेल. चुकीची शक्यता किती, नमुना कोणाच्या ताब्यातून गेला व चाचणीची पद्धत तपासली गेली आहे काय, हे विचारू शकणाऱ्या वकिलाची गरजही त्याबरोबर वाढेल.

अभ्यासक्रमाची रचना : भारतात केवळ गुन्हाशास्त्राच्या पदवीने वकिली करता येत नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार भारतीय वकील परिषदेने मान्य केलेली विधीची पदवी लागते. परिषदेच्या २००८ च्या नियमांत पंचवार्षिक संयुक्त पदवी व पदवीनंतरची त्रैवार्षिक पदवी असे दोन मार्ग असून दंड संहिता व फौजदारी प्रक्रिया हे अनिवार्य विषय आहेत. याच नियमांत वैकल्पिक विषयांचा ‘गुन्हे व गुन्हाशास्त्र’ हा एक गट दिला आहे. त्यात गुन्हेगारी मानसशास्त्र, न्यायसहायक विज्ञान, कारागृह प्रशासन, दंडशास्त्र व पीडितशास्त्र, परिवीक्षा, बालगुन्हेगारी व पांढरपेशा गुन्हेगारी असे विषय येतात. कागदावर ही योजना उत्तम आहे. परंतु वैकल्पिक गट उपलब्ध करून देणे हे महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गावर अवलंबून असते आणि गुन्हाशास्त्रात प्रत्यक्ष संशोधन केलेले अध्यापक विधी महाविद्यालयांत थोडे आहेत. मग तोच विषय पुस्तकातील उपपत्तींच्या याद्या पाठ करून उरकला जातो. लोंब्रोसोच्या गुन्हेगाराची शरीरचिन्हे परीक्षेत अजूनही विचारली जातात, त्यांचे खंडन मात्र अभावानेच. पदव्युत्तर पातळीवर स्थिती काहीशी बरी आहे.

महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर व औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे निघाली. जुनी विधी महाविद्यालये व शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था यांचे शिक्षण स्वतंत्रपणे चालते. तालुका व जिल्हा न्यायालयांतील कामकाज, पोलिसांची कागदपत्रे व परिवीक्षा अधिकाऱ्याचे अहवाल मराठीत असतात. गुन्हाशास्त्राची पाठ्यपुस्तके बहुतेक इंग्रजीत व त्यांतील उदाहरणे शिकागोची वा लंडनची असतात, ही अडचण विद्यार्थ्यास विशेष जाणवते.

या शिक्षणाचा सर्वांत फलदायी भाग म्हणजे कारागृहातील विधी साहाय्य केंद्र. २०२२ अखेर भारतीय कारागृहांतील सुमारे तीन-चतुर्थांश कैदी कच्चे, म्हणजे खटला न संपलेले होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, व पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यास एक-तृतीयांश काळ कोठडीत गेल्यास, काही अपवाद सोडून, जामिनावर सोडावे लागते. विद्यार्थ्याने कैद्यापाशी बसून अटकेचा दिनांक, लावलेली कलमे व प्रत्येकाची कमाल शिक्षा मांडली, की ही तारीख निघते. हा विधीचा भाग झाला. जामीन मंजूर होऊनही तो मनुष्य आत का राहिला, त्याला जामीनदार का मिळत नाही, घरच्यांनी येणे का सोडले, त्याचा पत्ता पोलिसांनी ‘फिरस्ता’ म्हणून का लिहिला, या माहितीवाचून त्या तारखेचा उपयोग होत नाही. विद्यार्थ्यास न्यायालयात बाजू मांडता येत नाही. दोन्ही प्रकारची माहिती घालून त्याने तयार केलेला अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत दाखल होतो.